फाडफाड इंग्रजीचे नवे मुकादम

गेल्या हिवाळ्यात विदर्भातील कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात एका तरुण साथीने एक सूचना मांडली आणि तिला टाळ्या पडल्या. गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्टीतील पदवीधर आदिवासी मुलामुलींना सहा महिने इंग्रजी संभाषणाचे व अध्यापनाचे शिक्षण द्यावे आणि मग परदेशांतील खासगी इंग्रजी शाळांत शिक्षक म्हणून त्यांना पाठविण्याचे काम युवक आघाडीने अंगावर घ्यावे, अशी ती सूचना होती. केरळने परिचारिका पाठविल्या, पंजाबने ट्रकचालक पाठविले, मग आपण शिक्षक का पाठवू नयेत, असा त्यांचा सवाल होता. ज्यांच्या पूर्वजांना इंग्रजीचे दार बंद होते त्यांनीच जगाला इंग्रजी शिकवावे, याहून गोड सूड कोणता, हे त्यांचे वाक्य सभागृहाला विशेष भावले.

मला ते भावले नाही. त्या साथीचा हेतू शुद्ध आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण शुद्ध हेतूने मांडलेल्या चुकीच्या अर्थशास्त्राने आपल्या चळवळीचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे विरोधकांनीही केले नसेल. शिबिरात वेळेच्या अभावी मला बोलता आले नाही. ही सूचना आता ठरावाच्या रूपाने पुढे येणार असल्याचे कळते. त्यापूर्वी माझा विरोध नोंदविणे मला आवश्यक वाटते.

शिबिर आटोपून मी हेमलकशाला गेलो. आलापल्लीला सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ओळीने उभे होते. तेथून भामरागडच्या दिशेने साठेक किलोमीटर जंगल. लोकबिरादरी प्रकल्पाच्या आवारात एक माडिया तरुण भेटला. पर्लकोटा नदीच्या पलीकडील गावचा. आश्रमशाळेत शिकून, नागपुरात इंग्रजी विषय घेऊन एम. ए. झालेला, आणि सध्या एका संस्थेत तासिका तत्त्वावर शिकविणारा. मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे असे कळताच त्याने फोनवरचे एक पत्र माझ्यापुढे धरले. "सर, हे बघा. जाऊ का?"

ते पत्र आग्नेय आशियातील एका शहरातल्या खासगी इंग्रजी शाळेचे होते; मध्यस्थ नागपूरचा. शाळेचे आणि मध्यस्थाचे नाव येथे देत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. पत्रातील अटी मात्र प्रत्येक साथीने वाचाव्यात अशा आहेत. पगार आपल्या पैशांत महिना सुमारे ५५,००० रुपये, पण वर्षाचे दहा महिनेच. सुटीचे दोन महिने बिनपगारी. आठवड्याला पंचवीस तास वर्ग. त्याशिवाय "कार्यालयीन उपस्थिती", तिचे वेतन नाही. जाताना पर्यटकाचा व्हिसा. कामाचा परवाना "पोहोचल्यावर यथावकाश". नोंदणीसाठी पासपोर्ट शाळेकडे जमा करावयाचा. वर्षाच्या आत सोडल्यास दोन महिन्यांच्या पगाराचा दंड. आणि शेवटी एक ओळ : पालकांनी विचारल्यास शिक्षकाने आपल्या मूळ देशाचा उल्लेख शक्यतो टाळावा. मध्यस्थाचे शुल्क एक लाख. त्यांपैकी वीस हजार या तरुणाने भरलेही होते. बहिणीच्या तेंदूपत्त्याच्या पैशांतून.

आपल्या ऊसतोड कामगाराला मुकादम निदान उचल देतो. ती उचल हाच त्याच्या गुलामीचा दोर असतो हे खरे. परंतु घरातून निघताना चार पैसे त्याच्या हातात पडतात. येथे मजूरच मुकादमाला उचल देतो, आणि दोर तरीही मजुराच्याच गळ्यात! एम. ए.ची पदवी मिळवून माणूस ऊसतोड कामगाराच्याही एक पायरी खाली उतरतो, आणि त्या उतरण्याला आपले साथी "सूड" म्हणतात.

वहीच्या मागच्या पानावर मी त्या तरुणापुढे हिशेब मांडला. वर्षाची प्राप्ती साडेपाच लाख. त्यातून मध्यस्थाचा एक लाख, विमानभाडे आणि व्हिसाचे निदान साठ हजार, खोली आणि जेवण काटकसरीने महिना पंचवीस हजार म्हणजे वर्षाचे तीन लाख. शिल्लक नव्वद हजार. महिन्याला साडेसात हजार. आजारपण नाही, घरी येणे नाही, कुणाचे लग्न नाही, असे धरून. मी विजयी मुद्रेने त्याच्याकडे पाहिले असावे. तो शांतपणे म्हणाला, "सर, इथे तर साडेसातशेही शिल्लक राहत नाहीत."

त्याचे हे उत्तर माझ्या हिशेबापेक्षा खरे होते, आणि त्याकडे मी पुन्हा येणार आहे. पण आधी या शाळांचा धंदा काय आहे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण "इंग्रजी शाळा" म्हटले की आपल्या मनासमोर फळा, घंटा आणि हेडमास्तर उभे राहतात. ही ती शाळा नव्हे. हे दुकान आहे. त्याचे भांडवल म्हणजे भाड्याचा मजला, खुर्च्या आणि जाहिरात. गिऱ्हाईक सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे आगाऊ भरते. म्हणजे विद्यार्थी मालकाला बिनव्याजी कर्ज देतो. शिक्षक महिनाभर राबून महिनाअखेरीस पगार घेतो. म्हणजे तोही मालकाला बिनव्याजी कर्ज देतो. दोघांच्या कर्जाला तारण काही नाही. या पैशांवर मालक नव्या शाखा उघडतो आणि नव्या गिऱ्हाइकांच्या आगाऊ पैशांतून जुन्यांचे तास भागवितो. चाक फिरत आहे तोवर सगळे ठीक.

जपानमध्ये हे चाक २००७ साली थांबले. 'नोवा' ही त्या देशातील सर्वांत मोठी इंग्रजी संभाषण शाळांची साखळी. करार मोडणाऱ्या विद्यार्थ्यांचे पैसे परत देण्याच्या प्रश्नावर न्यायालयाने आणि सरकारने तिला दणका दिला, गिऱ्हाईक आटले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनी कोसळली. लाखो विद्यार्थ्यांचे आगाऊ पैसे बुडाले. चार हजारांहून अधिक परदेशी शिक्षक पगाराविना परक्या देशात उभे राहिले. अनेकांच्या पगारातून घरभाडे कापून घेतले जात होते, पण ते घरमालकापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्यामुळे पगाराबरोबर घरही गेले. त्या वेळी कामगार संघटनेने जेवणाच्या बदल्यात इंग्रजीचे धडे देण्याची योजना काढली, आणि अमेरिकेचे, ऑस्ट्रेलियाचे, ब्रिटनचे नागरिक एका जेवणासाठी इंग्रजी शिकवू लागले. कंपनीच्या प्रमुखाला पुढे कर्मचाऱ्यांच्या निधीतील अपहाराबद्दल शिक्षा झाली. २०१० साली 'जिओस' ही दुसरी मोठी साखळी त्याच मार्गाने गेली. चीनने जुलै २०२१ मध्ये खासगी शिकवण्यांवर बडगा उगारला, परदेशांत बसून चिनी मुलांना शिकविणाऱ्या शिक्षकांना बंदी केली, आणि घरी संगणकापुढे बसून इंग्रजी शिकविणाऱ्या असंख्य माणसांची रोजी एका फर्मानाने गेली. चीन सरकारचा त्यामागचा विचार सर्वस्वी चूक होता असे मी म्हणणार नाही. पण मालक सावरले आणि शिक्षक बुडाले, ही गोष्ट तिथेही चुकली नाही.

ज्यांच्या मागे बलाढ्य सरकारांचे वकिलातखाते उभे होते त्यांची ही दशा. आमच्या भामरागडच्या पोरामागे कोण उभे राहणार?

आता या दुकानात नेमके विकले काय जाते ते पाहू. भाषा विकली जाते असे वरवर दिसते. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाचा व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांनाच मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. पदवी कोणत्याही विषयातली चालते. या यादीतील दक्षिण आफ्रिकेत २०११ च्या जनगणनेनुसार इंग्रजी ही मातृभाषा असणारे लोक दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. म्हणजे घरात झुलू बोलणारा माणूस पारपत्राच्या जोरावर 'मूळ भाषक' ठरतो, आणि इंग्रजी साहित्यात एम. ए. केलेला नागपूरचा विद्यार्थी ठरत नाही. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया व्यापार करारात आपल्या सरकारने भारतीय शिक्षकांसाठी एक फट मिळविली. पण ती शाळेतल्या सहायकाची, आणि तिच्यासाठी इंग्रजी विषयातील पदवी व शिक्षकाची पात्रता, दोन्ही हवीत. एकाला नुसता जन्म पुरतो, दुसऱ्याला दोन प्रमाणपत्रे देऊनही मदतनीसच व्हावे लागते. अर्थशास्त्रात याला खंड म्हणतात. जमीनदार जमीन न कसता तिचा खंड घेतो, तसा या बाजारात जन्माचा खंड वसूल होतो. ज्यांना तो वसूल करता येत नाही, त्या फिलिपिनो, भारतीय, आफ्रिकी शिक्षकांना त्याच वर्गात, त्याच मुलांपुढे, कमी दराने उभे केले जाते आणि वर सांगितले जाते : आपण कुठले आहोत ते सांगू नका. जातीच्या उतरंडीची चव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतली आहे त्यांना ही व्यवस्था नवी वाटण्याचे कारण नाही. आडनाव लपवून खोली भाड्याने घेणारी माणसे आपण आपल्या शहरांत पाहिली आहेत. आता देश लपवून नोकरी करावयाची!

एका मराठी बाईची येथे आठवण होते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या. भाषाशिक्षक म्हणून परदेशी काम करणाऱ्या मराठी माणसांची परंपरा सांगावयाची तर ती येथून सांगावी लागेल. त्यांनी इंग्रज तरुणांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. रमाबाईंनी त्या हरकतीशी पत्रांतून जो वाद घातला तो वाचण्यासारखा आहे. परक्या मुलखात, परक्यांच्या अन्नावर असतानाही त्यांनी आपण कोण आहोत हे लपविले नाही. लपविण्याची अट कोणी घातली असती तर त्यांनी काय केले असते, याचा अंदाज त्यांचे चरित्र ठाऊक असणाऱ्या कोणालाही करता येईल.

माझा परदेशी जाण्याला विरोध आहे असा अर्थ कृपया कोणी काढू नये. १९५० ते १९७० च्या दशकांत इथिओपियाच्या शाळांत हजारो भारतीय शिक्षकांनी काम केले; आफ्रिकेतील इतर नवस्वतंत्र देशांतही केले. माझ्या पिढीतल्या प्राध्यापकांपैकी काहींनी त्यांच्याकडूनच परदेशाच्या गोष्टी ऐकल्या. पण तिथे मालक बहुधा सरकार होते, करार लेखी होता, वर्गात त्या देशाची सामान्य मुले बसत होती, आणि शिक्षक भारतीय आहे हे त्याच्या नेमणुकीचे कारण होते, लाजेचे नव्हे. शिक्षकाने देशांतर करणे आणि दलालाने शिक्षकाची निर्यात करणे यांतील अंतर आपल्याला कळत नसेल, तर खुशीने घेतलेली भाकरी आणि वेठीची भाकरी यांतील अंतरही कळत नाही असे म्हणावे लागेल.

कायद्याचे काय, असे कोणी विचारील. १९८३ चा उत्प्रवासन कायदा परदेशी कामगार भरती करणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची करतो आणि त्याखालील नियम शुल्कावर ३०,००० रुपयांची मर्यादा घालतात, वर करतेवढा. म्हणजे आमच्या या तरुणाकडे मागितलेला एक लाख मुळातच बेकायदा आहे. पण याच व्यवस्थेत दहावी पास माणसाला परदेशी जाताना उत्प्रवास खात्याची मंजुरी लागत नाही. शिकलेला माणूस आपले हित आपण पाहील, अशी यामागची समजूत. या समजुतीची किंमत २०२२ साली दिसली. थायलंडमध्ये संगणकाच्या आणि विपणनाच्या नोकऱ्या देतो असे सांगून इंग्रजी जाणणाऱ्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन सायबर फसवणुकीच्या कोंडवाड्यांत राबविले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र खात्याला जाहीर इशारा द्यावा लागला. अडाणी गवंड्याला सरकार निदान दारावर थांबवून विचारते, बाबा कुठे चाललास. एम. ए.वाल्याला कोणी विचारीत नाही. तो पर्यटक म्हणून जातो.

आता त्या साडेसातशेकडे येतो.

महाराष्ट्राने शिक्षकाच्या श्रमाचा भाव किती पाडला आहे हे आपल्या पक्षात सर्वांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. शिक्षणसेवक नावाची जात आपल्या राज्याने या शतकाच्या आरंभी निर्माण केली. पूर्ण पात्रतेचा शिक्षक, पूर्ण काम, आणि वेतनाऐवजी मानधन. प्राथमिक शाळेत ते कित्येक वर्षे महिना ६,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,००० झाले तेव्हा सरकारने केवढे औदार्य मिरविले! 'सेवक' या शब्दाचा असा अपमान सेवादलात वाढलेल्या आम्हा लोकांना विशेष झोंबतो. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आहेत. त्यांना सुटीचे पैसे नाहीत, आणि तासांचे पैसे वेळेवर येतील याची शाश्वती नाही. खासगी संस्थांत कायम जागेसाठी किती लाख मागितले जातात याची चर्चा चहाच्या टपरीवर उघडपणे होते. म्हणजे आपल्या या तरुणाला नागपूरचा दलाल एक लाख मागतो, आणि येथील शिक्षणसम्राट त्याच्या कित्येक पट मागतो. तो स्वस्त दलालाकडे गेला. बाजाराचे तर्कशास्त्र त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते!

आणि हे कोणत्या तालुक्यात? भामरागडला बदली झाली की शिक्षक ती शिक्षा समजतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जग तुटते. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे पत्रक निघाले. जंगलातल्या पाड्यावर वीस मुले आणावयाची कोठून, हे पुण्याच्या कार्यालयात कोणाला सुचले नाही. ज्या शाळेत शिक्षक टिकत नाही, आणि टिकला तर मुलांची भाषा त्याला येत नाही, त्याच तालुक्यात माडिया ही मातृभाषा असलेला, मराठी उत्तम आणि इंग्रजी पदव्युत्तर पातळीवर जाणणारा शिक्षक तयार होतो. असा माणूस म्हणजे तीन भाषांमधला पूल. आणि आपण ठराव करणार आहोत की त्याने समुद्रापलीकडे जावे, ज्या मुलांची भाषा त्याला एक अक्षर येत नाही त्यांना शिकवावे, आणि स्वतःची भाषा कोणती हे कोणाला सांगू नये! सुरजागडचे खनिज कच्चे बाहेर जाते म्हणून आपण मोर्चे काढतो.

हेमलकशाचा इतिहास या बाबतीत आपल्याला पुष्कळ शिकवू शकतो, पण आपण तो फार लवकर दंतकथेत जमा केला. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे काम सुरू केले, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी ते उभे केले. २००८ च्या मॅगसेसे पुरस्कारानंतर ही नावे घराघरात पोहोचली. पुरस्कार, प्राणी आणि चित्रपट यांपलीकडे मला महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट. तेथे गेलेल्या माणसांना आधी माडिया शिकावी लागली. रोग्याला कुठे दुखते हे कळण्यासाठी डॉक्टर शब्द शब्द गोळा करीत होते. १९७६ साली शाळा निघाली तेव्हा मराठी बोलणारा गुरुजी हा त्या मुलांच्या दृष्टीने परदेशी शिक्षकच होता. मुले पळून जात. मराठी द्राविडी कुळातली नाही, माडिया आहे. सहा वर्षांच्या पोराला पुस्तकातले पहिले पानही परके. ज्या गुरुजींनी मुलांची भाषा शिकून घेतली त्यांच्यापाशी मुले टिकली. त्याच शाळेतून कन्ना मडावी हे पुढे डॉक्टर झाले. भाषा शिकविण्याचा धंदा आणि भाषा शिकविण्याचे काम यांतील फरक मला तरी याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही. पहिल्यात शिक्षकाला विद्यार्थ्याची भाषा न येणे हा गुण समजला जातो, त्याची जाहिरात होते. दुसऱ्यात ती आल्याशिवाय एक पाऊल पुढे पडत नाही.

येथे आपल्या मराठी अभिमानालाही थोडे टोचून घेतले पाहिजे. इंग्रजीच्या नावाने आपण खडे फोडतो, पण भामरागडात मराठीने जे केले ते मुंबईत इंग्रजीने केले त्याहून फारसे निराळे नव्हते. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते. संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१. आठव्या अनुसूचीत संस्कृत आहे, गोंडी नाही. घटनेचे कलम ३५० क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी राज्यांनी कराव्यात असे सांगते. २००९ चा शिक्षणहक्क कायदाही शक्यतोवर मातृभाषाच माध्यम असावी म्हणतो. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः काढली, आणि २०२२ साली शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस बजावली. दुसरीकडे आदिवासी विकास विभाग शहरांतील 'नामांकित' इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांना आदिवासी मुलांचे शुल्क सरकारी तिजोरीतून भरतो. गोंडीला दंड आणि इंग्रजीच्या दुकानाला अनुदान! परदेशातील खासगी भाषाशाळा हे या साखळीचे शेवटचे टोक आहे. तिची पहिली कडी आपल्या मंत्रालयात आहे.

'इंग्रजी हटाव'च्या जुन्या साथींना माझे हे म्हणणे आपल्या बाजूचे वाटेल. तसे ते नाही. डॉ. लोहियांचा विरोध इंग्रजीच्या राज्याला होता. स्वतः ते बर्लिनमध्ये जर्मन शिकून जर्मनमधून प्रबंध लिहिणारे गृहस्थ होते. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला होता, आणि त्या काळच्या संदर्भात त्यांना जे दिसले ते अनेक विद्वानांना दिसले नाही. लोकबिरादरी प्रकल्पाने २०१५ साली नेलगुंड्याला इंग्रजी माध्यमाची शाळा काढली तेव्हा आपल्यापैकी काहींनी नाके मुरडली. मुलाला इंग्रजी यावे असे माडिया आईबापांना वाटणे यात गैर काय आहे? आपल्या नातवंडांना इंग्रजी शाळेत घालून त्यांना मातृभाषेचे महत्त्व सांगणारे आपण कोण? मला माध्यमाबद्दल मतभेद आहेत आणि ते मी तेथेही बोललो. पण जंगलात मुलांबरोबर राहून शाळा चालविणे आणि भाड्याच्या मजल्यावर तासांची तिकिटे विकणे यांना एकाच तागडीत घालण्याचा अन्याय मी करणार नाही. आदिवासी मुलाला इंग्रजी यावे, उत्तम यावे, असे माझे मत आहे. ते येण्याचा रस्ता त्याच्या आईच्या भाषेतून जातो, एवढेच माझे म्हणणे. तो रस्ता बांधणारा माणूस आज भामरागडात बसून पर्यटकाच्या व्हिसाची वाट पाहत आहे.

जाणाऱ्यांना अडवावे असे मी म्हणत नाही. अडविण्याचा अधिकार, साडेसातशे रुपये शिल्लक टाकू न देणाऱ्या राज्याला नाही आणि त्यावर गप्प बसणाऱ्या पक्षालाही नाही. पण पक्षाने भरतीचे दुकान उघडू नये. जे जातील त्यांना करार वाचून दाखविणारी, पासपोर्ट हातातून सोडू नका हे बजावणारी, दलालाची नोंदणी तपासणारी माणसे आपण जिल्ह्याजिल्ह्यात उभी केली तर ते समाजवाद्याचे काम होईल. डिसेंबर २००७ मध्ये टोकियोच्या बर्लिट्झ शाळांतील परदेशी शिक्षकांनी ४.६ टक्के पगारवाढीसाठी संप सुरू केला. अनेक देशांची माणसे, कोणाचा व्हिसा केव्हा संपेल याचा भरवसा नाही, तरी पाळीपाळीने तास बंद ठेवीत त्यांनी तो लढविला. कंपनीने संघटनेवरच नुकसानभरपाईचा दावा लावला. न्यायालयाने २०१२ साली तो फेटाळला. शिबिरात परिचारिकांची आणि ट्रकचालकांची उदाहरणे निघाली, हे उदाहरण कोणाला आठवले नाही. गडचिरोलीच्या ग्रामसभांनी वनहक्क आणि पेसा कायद्यांचा आधार घेऊन तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करण्यास सुरुवात केली आणि ठेकेदाराला बाजूला सारले, हेही आठवले नाही. ज्या जिल्ह्याने पानांचा ठेकेदार घालविला, त्याच जिल्ह्यात माणसांचा ठेकेदार आपण आपल्या झेंड्याखाली आणावा काय?

ठरावाच्या जागी माझी सूचना अशी की, भामरागड, एटापल्ली आणि धानोरा या तालुक्यांत माडिया-गोंडी जाणणाऱ्या पदवीधरांना स्थानिक शाळांत पूर्ण वेतनावर, मानधनावर नव्हे, नेमावे यासाठी पक्षाने या वर्षी आंदोलन घ्यावे, आणि मोहगावच्या शाळेला मान्यता ही त्यातील पहिली मागणी असावी. पैसा नाही असे सरकार म्हणेल. नामांकित शाळांना जाणाऱ्या शुल्काचा आकडा विधिमंडळात मागून घ्यावा, म्हणजे पैसा आहे की नाही ते कळेल.

तो तरुण अजून गेलेला नाही. दुसरा हप्ता त्याने थांबविला आहे, एवढे परवा फोनवर कळले. जाण्याचा विचार सोडला की नाही हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. भरलेले वीस हजार परत मागितल्यावर मध्यस्थाने "प्रक्रिया शुल्क" म्हणून हात वर केले आहेत. पावती दिलेली नाही. फोनवरून पैसे पाठविल्याची नोंद आहे, आणि तेवढी पुरेल असे आपले नागपूरचे वकील साथी म्हणतात. तक्रारीचा मसुदा तयार आहे. नागपुरात त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाण्यासाठी दोन कार्यकर्ते हवे आहेत. शिबिरात टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी कोणी आले तर अधिक बरे.